रुमालाखालची तीन बोटं

नाशिकला अंबडच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं इन्स्पेक्शनला काढली. माल चांगला आहे असं कुणी म्हटलं, की मी तो आधी मोजायचो. रिटायर झालो तरी खोड गेली नाही. दूधवाल्याचं माप, रिक्षाचं मीटर, जावयाचं हसणं, मी सगळं मोजूनच घेतो. माझी बायको शकुबाई म्हणते, "देव जरी समोर उभा राहिला, तरी हिरामणराव त्याचं आधार कार्ड मागतील." मागेन. का मागू नये?

घर बदलायची वेळ आली ती तिच्या गुडघ्यांमुळे. पंचवटीत आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही, पायऱ्या चोपन्न. डॉक्टरांनी जिना बंद केला त्याला पाच महिने झाले, आणि पाच महिन्यांत ती एकदाही खाली उतरलेली नाही. भाजीसुद्धा दोरीला पिशवी बांधून वर ओढते. खालून नवसाबाई हातगाडीवरून ओरडते, "ओ शकुबाई, मेथी लय कवळी हाय, सोडा पिशवी!" मग दोघींच्या गॅलरी ते रस्ता अशा गप्पा चालतात. नवसाबाई पुढे निघून गेली तरी शकुबाई कठड्यावर वाकलेलीच राहते. ते मला बघवत नव्हतं. तिला तळमजल्यावर न्यायचं, बाकी काही नको, असं मी ठरवलं होतं.

जवळच एक तळमजल्याचा फ्लॅट विकाऊ आहे असं चैताली सांगत आली. तिशीची मुलगी, स्कूटीवरून फिरणारी, दलालीचा धंदा करणारी. तिच्या कार्डावर महारेराचा नोंदणी नंबर होता. मी कार्ड उजेडात धरून बघितलं.

"तू कुणाकडून?" लग्नात मुलाकडचे की मुलीकडचे विचारतात, तसं मी विचारलं.

"तुमच्याकडून, काका. मालकाकडून मी एक रुपया घेणार नाही."

"सगळे दलाल असंच म्हणतात."

"आमचे आजोबा, अण्णा, म्हणायचे आणि तसं वागायचेही," ती म्हणाली. "घोटीच्या बैलबाजारात दलाल होते. सहादू दलाल."

मी सावध झालो. माझं गाव घोटीजवळचंच. माझ्या वडिलांनी त्याच बाजारात दलालामार्फत बैल घेतला होता, आणि दलालाने दोन्हीकडून खाल्लं होतं. भाताच्या पहिल्याच चिखलणीला बैल बसला तो उठेचना. तो दलाल सहादू होता की आणखी कुणी, मला आठवत नाही. बैल मात्र आठवतो.

चैतालीने पर्समधून एक जुना, धुऊन विरलेला रुमाल काढला. "काका, तुमचा शेवटचा आकडा मला कळायला हवा. पण तोंडाने नको. अण्णांची पद्धत. रुमालाखाली खरं सांगायचं, आणि ते रुमालाखालीच राहतं." बैलबाजारातला तो व्यवहार मी लहानपणी पाहिला होता. हातावर रुमाल टाकायचा आणि बोटं दाबून भाव सांगायचा, म्हणजे शेजारच्याला कळत नाही. "आणि मालकासमोर काकूंच्या गुडघ्यांचं नाव काढायचं नाही," ती पुढे म्हणाली. "आपली गरज दिसली, की भाव चढलाच म्हणून समजा."

फंड, ठेवी, सगळं धरून मी तीस लाखांपर्यंत जाऊ शकत होतो. तीस म्हणजे नुसती तीन बोटं. मी आधी दोन बोटं दाबली, मग पंजा, मग तीन बोटं. अठ्ठावीस. दलालाला खरा आकडा सांगायला मी काही दुधखुळा नाही.

"नक्की?" तिने विचारलं.

"नक्की," मी म्हटलं.

फ्लॅट बघायला गेलो. दाराशी दोन पायऱ्या, पण आत सगळं सपाट, मागे ऊन येणारं स्वयंपाकघर. मालक रंगनाथशेठ स्वतः हजर होते. बत्तीस म्हणत होते. चैताली एवढंच म्हणाली, "आमची पार्टी अजून दोन ठिकाणी बघतेय." ते खोटं नव्हतं, तिने आदल्या दिवशी मला आणखी दोन घरं दाखवली होती. पण घाईचा एक शब्द नाही, गुडघ्यांचा एक शब्द नाही. किती शांतपणे लपवत होती! मला बरं वाटायला हवं होतं. मला वाटलं, जी पोरगी मालकापासून एवढं लपवते, ती माझ्यापासून काय काय लपवत असेल? नंतर ती मालकाला बाजूला घेऊन पाच मिनिटं बोलली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, आणि तिने सांगितलंही नाही.

दोन आठवडे हेच चाललं. एकदा निमाणी स्टँडजवळच्या हॉटेलात ती रंगनाथशेठबरोबर चहा पिताना दिसली. दोघं हसत होती. शेठने तिला एक जाडसर पाकीट दिलं, तिने ते पर्समध्ये टाकलं. दोन दिवसांनी मी स्कूटर लांब उभी करून बघत होतो, तर ती एका गवंड्याला घेऊन त्याच फ्लॅटपाशी आली. गवंडी दारासमोर टेपने काहीतरी मोजत होता. म्हणजे दुसरी पार्टी ठरली की काय? की हीच घर लाटतेय? संध्याकाळी मी फोन लावला.

"तीन दिवस थांबा, काका. फोनवर नाही सांगत."

फोनवर सांगत नाही म्हणजे सांगण्यासारखं नाही. एकतीस वर्षांच्या अनुभवाने मी माल रिजेक्ट केला.

घरी शकुबाई नवसाबाईला वरूनच सांगत होती, "थांब गं, थोड्या दिवसांत मी खाली येऊन स्वतः जुडी निवडेन." तिचा आवाज ऐकून माझा निर्णय पक्का झाला. त्या फ्लॅटच्या वॉचमनकडून मालकाचा पत्ता काढला, अर्धा किलो पेढे घेतले आणि थेट गंगापूर रोडला रंगनाथशेठच्या बंगल्यावर गेलो.

शेठनी बसवलं, चहा मागवला. मी म्हटलं, "दलाल कशाला मध्ये? आपण दोघं सज्जन माणसं. दलाली वाचेल, तेवढं तुम्ही कमी करा."

"खरंय तुमचं," शेठ गोड हसले. "पण एवढी घाई का, हिरामणराव?"

इतक्या आपुलकीने बऱ्याच दिवसांत मला कुणी काही विचारलं नव्हतं. मी सांगत सुटलो. चोपन्न पायऱ्या, पाच महिने, दोरीची पिशवी, सगळं. बाकीची दोन घरं आमच्या कामाची नाहीत हेही सांगितलं. शेठच्या बायकोचे डोळे पाणावले. शेठ म्हणाले, "बघतो मी." येताना मी चक्क गुणगुणत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चैताली आली. चोपन्न पायऱ्या चढून दम लागला होता, पण बसली नाही.

"काका, तुम्ही शेठकडे गेला होता?"

"गेलो होतो. तूही जातेसच की. पाकीट कसलं घेतलंस त्यांच्याकडून?"

तिने पर्समधून तेच पाकीट काढून टेबलावर ठेवलं. आत फ्लॅटचे जुने कागद होते, वकिलाला दाखवायला आणलेले. गवंडी कशाला, तेही तिने सांगितलं. दारातल्या दोन पायऱ्यांच्या जागी उतार करता येतो का, ते बघायला. उताराचा खर्च मालकाने करायचा असं तिने त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं. "घरात म्हातारे लोक येतात-जातात, असं सांगितलं. काकूंचं नाव नाही घेतलं. अठ्ठावीसला आणलं होतं मी त्यांना. गुरुवारी करार होता. फोनवर नाही बोलले, कारण शेठ शेजारीच उभे होते."

मी पाकीट तिच्याकडे सरकवलं. "मग अडलंय कुठे?"

"आता चौतीस म्हणतात. म्हणाले, तुमच्या पार्टीला दुसरा पर्याय नाही, स्वतःच सांगून गेलेत."

"कमी कर ना मग. तुझं कामच आहे ते."

मीच हात पुढे केला. तिने पर्समधला रुमाल त्यावर टाकला. या वेळी मी नुसती तीन बोटं दाबली आणि सोडली.

तिने रुमाल काढून घेतला, घडी घातली. "तीस?"

मी मान हलवली.

"काका, पहिल्याच दिवशी मी शेठना बाजूला घेतलं ना, तेव्हाच ते तीसला तयार होते. त्याच संध्याकाळी टोकन घेणार होते. मीच नको म्हटलं. तुमचं अठ्ठावीस होतं ना."

जे मालकापासून लपवायचं, ते मी माझ्याच माणसापासून लपवलं. आणि जे माझ्या माणसाच्या पोटात राहायचं, ते मालकाला पेढ्यांबरोबर देऊन आलो. मला शरम वाटली. एवढी शरम मला अख्ख्या नोकरीत कधी वाटली नव्हती.

शकुबाई आतल्या दाराशी भिंत धरून उभी होती. किती वेळ, कोण जाणे.

"माझे गुडघे बाजारात मांडून आलात?" ती म्हणाली. चिडून म्हणाली असती तर बरं झालं असतं.

"काकू, मी दुसरं शोधते," चैताली म्हणाली. "वेळ लागेल, पण शोधते. मी अजून तुमच्याकडूनच आहे."

कशावरून? शब्द जिभेवर आला होता. मी तो गिळला.

चैताली जिना उतरून गेली. तिची चप्पल खालपर्यंत ऐकू येत होती. तेवढ्यात रस्त्यावरून हाक आली, "ओ शकुबाई! मेथी आणली हाय! कव्हा येताय मग खाली?"

शकुबाईने खुंटीवरची दोरी काढली आणि पिशवीसकट माझ्या हातात दिली.

"तुम्हीच सांगा तिला," ती म्हणाली, आणि आत गेली.