तीन नंबरची गोळी

चौऱ्याण्णव सालच्या दिवाळीच्या सुट्टीत बारामतीबाहेरच्या मुरमाड माळावर एनसीसीच्या मुलींचं दहा दिवसांचं शिबिर भरलं होतं. इंदापूरच्या शाळेतून बावीस मुली आल्या होत्या. त्यांना आणणाऱ्या कौसल्याबाई शाळेत भूगोल शिकवायच्या. मुलींची तुकडी सुरू करायला त्या दोन वर्षं घरोघरी फिरल्या होत्या. "पोरीला पँट घालायला लावता व्हय?" असं विचारणाऱ्यांच्या ओट्यावर बसून त्यांनी चहा प्यायला आणि सही घेऊनच उठल्या.

वरकुट्याच्या करुणाच्या घरी मात्र त्यांना फार बोलावं लागलं नाही. करुणाचे वडील रामभाऊ वीज मंडळात वायरमन होते. त्यांनी फॉर्मवर सही केली आणि एवढंच विचारलं, "बाई, हिला बंदूक चालवायला मिळंल का?" आई मालनबाईंनी कपाळाला हात लावला, पण दुसऱ्या दिवशी खाकी कपड्यांना कडक इस्त्री त्यांनीच केली.

करुणाला बंदूक मिळाली, आणि ती तिच्या हातात बसलीही. शिबिराच्या पहिल्याच दिवशी तिच्या पाचही गोळ्या एका रुपयाखाली झाकल्या जातील इतक्या जवळ लागल्या. दुसऱ्या दिवशीही तसंच. रेंजवर शिकवणारे सुभेदार साहेब साताऱ्याकडचे, मिशा पांढऱ्या झालेले. ते कुणाचं कौतुक करायचे नाहीत. करुणाचा टार्गेटचा कागद त्यांनी उन्हात धरून पाहिला आणि म्हणाले, "ठीक." मुली म्हणाल्या, हे म्हणजे मेडलच.

शिबिरातून चौघींची टीम पुण्याच्या स्पर्धेला जाणार होती. करुणाचं नाव जवळजवळ पक्कं होतं. तिनं घरी पोस्टकार्ड टाकलं, शेवटच्या दिवशी या, मला मेडल मिळणार आहे. रामभाऊंनी ते कार्ड स्टँडवरच्या हॉटेलात दोनदा मोठ्यानं वाचून दाखवलं, हे तिला नंतर कळलं.

चौथ्या दिवशी निवडीचं फायरिंग झालं. पंचवीस यार्डांवर मातीचा उंच बांध, त्याच्यापुढं आठ टार्गेटं, प्रत्येकावर नंबर. तीन नंबरवर करुणा होती. चारवर बारामतीची अंजली. तीही चांगली नेमबाज, सकाळी धावण्यात पहिली यायची. पाचवर कळसची छकुली, नववीतली, पहिलंच शिबिर, रायफल हातात घेतली की ओठ कोरडे पडायचे. सुभेदार साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "दुसऱ्याच्या टार्गेटवर गोळी गेली तर टीममधून नाव कट. जिचं लक्ष जाग्यावर नाही, तिच्या हातात रायफल नाही."

करुणाच्या दोन गोळ्या उत्तम गेल्या. तिसरीच्या आधी घाम डोळ्यात उतरला. तिनं कोपर उचलून डोळा पुसला, पुन्हा पालथी पडली, श्वास धरला आणि घोडा दाबला. दाबल्यानंतर तिची नजर टार्गेटच्या नंबरवर गेली. तिथं चार लिहिलेलं होतं.

 तिनं नळी तीनवर आणली आणि उरलेल्या दोन गोळ्या आपल्या टार्गेटवर मारल्या.

कागद आणले गेले. तीन नंबरवर चार भोकं. चार नंबरवर सहा. आणि पाच नंबरवरही चारच, कारण छकुलीची एक गोळी कागद सोडून मातीत गेली होती. अंजलीच्या टार्गेटवरची जादा गोळी कुणाची, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. सगळ्यांच्या नजरा छकुलीकडे वळल्या. सुभेदार साहेबांनी तिचं नाव वहीत लिहिलं आणि म्हणाले, "उद्यापासून तू रेंजवर यायचं नाही. अंजली, तुझ्या पाच कुठल्या ते कळत नाही, तू उद्या परत फायर करशील. करुणा, तुझी एक गोळी हुकली, पण बाकी चार चांगल्या आहेत. तू टीममध्ये."

दुपारचं जेवण आमटी-भाताचं होतं. छकुलीनं ताट तसंच ठेवलं. करुणा तिच्या शेजारी जाऊन बसली आणि म्हणाली, "जेव की गं."

"मीच मारली असंल," छकुली म्हणाली. "मला तर आठवतबी न्हाय. पर सगळी म्हणत्यात म्हंजी मीच. आता बाईंस्नी काय तोंड दाखवू? माझ्यासाठी आमच्या तात्यांच्या किती विनवण्या केल्या त्यांनी."

करुणानं हातातला घास ताटात परत ठेवला. छकुली चिडली असती, भांडली असती, तर कदाचित करुणा गप्प राहिली असती. पण न केलेली चूक ती पोर स्वतःची म्हणून घेत होती.

चारच्या चहाला करुणा शस्त्रांच्या तंबूकडे गेली. सुभेदार साहेब दोरीला चिंधी बांधून रायफलीची नळी साफ करत होते. ती सावधानमध्ये उभी राहिली.

"साहेब, चार नंबरवरची गोळी माझी होती."

त्यांनी दोरी खाली ठेवली. "कशावरून?"

"मारल्यावर नंबर दिसला. तिसरी गोळी."

"म्हणजे तुला तेव्हाच कळलं."

"होय साहेब."

"मग चार तास का लागले?"

करुणानं मान खाली घातली. खोटं उत्तर तयार होतं, पण आता ते देण्यात अर्थ नव्हता. "पुण्याला जायचं होतं. मेडल पाहिजे होतं."

सुभेदार साहेबांनी वही काढली. मग म्हणाले, "नाव कट होणार. नियम सगळ्यांना एकच."

"होय साहेब."

"आणि छकुलीचा अपमान सगळ्यांसमोर झालाय. तो माझ्याकडूनही झालाय. उद्या सकाळी फॉलइनला मी तिची माफी मागणार. माझ्यानंतर तू बोलशील?"

फॉलइन म्हणजे सगळं शिबिर रांगेत. तीनशे मुली, सगळ्या शाळांच्या बाई, अधिकारी. "बोलीन," ती म्हणाली.

सकाळी ती बोलली. पाच-सहा वाक्यं असतील. आवाज मध्येच फाटला, पण ती थांबली नाही. "छकुलीची काही चूक नव्हती. गोळी माझी होती आणि मी गप्प बसले," इथं तिनं छकुलीकडे पाहिलं. छकुली रांगेत सावधानमध्ये उभी होती, म्हणून तिला डोळे पुसता येत नव्हते. कौसल्याबाईंना मात्र तसं बंधन नव्हतं. त्यांनी डोळ्यांना पदर लावला. टाळ्या वगैरे कुणी वाजवल्या नाहीत. परेडमध्ये वाजवायच्या नसतात.

पण त्या दिवशी रेंजवर सुभेदार साहेबांनी करुणाला बोलावलं आणि लाल झेंडा तिच्या हातात दिला. झेंडा वर असेपर्यंत कुणी रायफलीला हात लावायचा नाही, तो खाली आला की मगच फायर. टार्गेटांजवळ गेलेल्या मुलींचा जीव त्या झेंड्यावर. "हे काम मी आजपर्यंत कुणा कॅडेटला दिलं नव्हतं," ते म्हणाले. उरलेले दिवस करुणा उन्हात झेंडा घेऊन उभी राहिली. पुण्याच्या टीममध्ये अंजली गेली.

शेवटच्या दिवशी रामभाऊ धुतलेला सदरा घालून आले. मेडलांची नावं पुकारली गेली, करुणाचं आलं नाही.  इंदापूरच्या एसटीत बसल्यावर तिनंच सगळं सांगितलं. रामभाऊंनी तोंड खिडकीकडे वळवलं.  करुणाला वाटलं, रागावले.

"आबा, तुमी सगळ्यांना सांगितलं असंल ना मेडलचं?"

"सांगितलंय की." ते वळले. "आमच्या कामात कसं असतं बघ. एक माणूस खांबावर, एक खाली. खालच्यानं चुकून लाइन चालू केली, तर तिथल्या तिथं बोंब मारायची असती. स्वतःची अब्रू सांभाळत गप बसला, की वरचा गेला. मी अशी माणसं बघितल्यात. मोठी माणसं, मिशावाली." मग म्हणाले, "तू चार तास लावलेस. पर बोंब मारलीस."

वरकुट्याच्या स्टँडवर उतरले तर हॉटेलातून हाक आलीच. "जय भीम रामभाऊ! दाव की मेडल!"

करुणा खाली बघत चालू लागली. रामभाऊंनी तिच्या हातातली ट्रंक घेतली, हॉटेलाच्या बाकड्यावर ठेवली आणि स्वतः बसले. "मेडल न्हाय मिळालं. का न्हाय मिळालं ते ऐका," म्हणून त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. टार्गेटांचे नंबर त्यांनी उलटे सांगितले, पंचवीस यार्डांचे शंभर केले, आणि सुभेदाराला मेजर करून टाकलं. करुणानं दोनदा दुरुस्ती केली, मग सोडून दिलं. ऐकणारे चहा विसरले होते.

पुढच्या जूनमध्ये कौसल्याबाईंना वरकुट्यात एकाही ओट्यावर बसावं लागलं नाही. सहा पोरी आपल्या बापांना घेऊन एनसीसीच्या फॉर्मसाठी शाळेत आल्या होत्या.