मिशीवाला पेणला निघाला

धनेशने, म्हणजे लेकाने, तीन वर्षांपूर्वी पेणच्या दुकानातून बोटभर मासा आणला, तेव्हा पुतळीबाई म्हणाल्या होत्या, "कालवणाला पण पुरायचा नाय." शिंगाळ्याच्या जातीचा, लांब मिश्यांचा, परदेशी, दिवसभर काचेच्या टाकीच्या तळाशी पडून राहणारा. पुढे त्याच त्याला हाताने कोळंबी भरवू लागल्या. मिशीवाला आता हातभर झाला होता. वळताना काचेवर घासून घासून त्याचं नाक सोललं होतं. शेवटी पुतळीबाईंच्या नवऱ्याने, हैबतरावांनी, धीर करून दुकानात फोन केला. दुकानामागच्या मोठ्या हौदात जागा होती. बायकोला मात्र त्यांनी आदल्या संध्याकाळी सांगितलं, आणि तेव्हापासून वरसे गावातल्या त्या घरात अबोला होता.

सकाळी दुकानातला प्रवीण टेम्पो घेऊन आला. त्याने टाकीत जाळी घातली. मासा उसळला, कल्ल्यामागचा काटा जाळीत अडकला आणि ओढावं तसा अधिकच गुंतला. हैबतराव नुसतेच "अरे, अरे" करत राहिले.

पुतळीबाई कात्री घेऊन आल्या. "सोड रे. शिंगाळ्याला कुणी जाळीने धरतं व्हय?"

"आजी, काटा लागंल."

"मिठागरावर जन्मले मी. बांधाच्या उघाडीचं दार काढून पाणी सोडलं की बा माझा जाळ्यात अडकलेले असे दहा-दहा सोडवायचा. मी टोपली धरून चिखलात उभी." जाळीचा एकेक धागा कापताना त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या बोलत होत्या. "भाऊ गेला, मग तिकडे जायला निमित्तच नाय उरलं."

मासा टबात आला. आता ही त्याला परत टाकीत सोडणार, आणि आपल्याला नाही म्हणता येणार नाही, हे हैबतरावांना कळून चुकलं. पुतळीबाई बराच वेळ ते सोललेलं नाक बघत राहिल्या.

"हौदाच्या तळाला काय हाय?"

"खडी," प्रवीण म्हणाला.

"मिश्या झिजतील त्याच्या." मग नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "टाकीतली वाळू गोणीत भरा."

हैबतरावांनी गोणी टेम्पोत टबाशेजारी नेऊन ठेवली, तर त्या पुढच्या सीटवर बसलेल्याच.

"तू कुठे?"

"हौद बघते. येताना वडखळला उतरू, बाचा बांध दिसतो का बघू."

"मी पण येऊ?"

"मग टब कोण धरणार?"

हैबतराव मागे चढले आणि टबाला दोन्ही हातांनी कवटाळून बसले.