न धुतलेला अकरा नंबर

शनिवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास हार्कस्टन गावातल्या घराघरांत चहाची किटली चढे आणि पुरुषमंडळी फुटबॉलच्या मॅचहून परतत. नॉरीन हॅलमच्या घरीही तेच. तिचा नवरा क्लिफ दारात बूट काढी, ती "काय झालं?" म्हणून विचारी आणि तो आकडे सांगे. पण गेल्या दीड वर्षापासून त्याचे आकडे आणि रेडिओवरचे आकडे जुळेनासे झाले होते. रेडिओ म्हणे हार्कस्टन एक-शून्यने जिंकलं, क्लिफ म्हणे शून्य-शून्य.

त्यात गूढ काही नव्हतं. लॅसेल्स पिनॉकने केलेला गोल मोजायचा नाही, असा मैदानाच्या डाव्या कठड्यापाशी उभं राहून मॅच बघणाऱ्या क्लिफच्या मंडळींचा दंडकच होता. लॅसेल्स आमच्या टीममधला पहिला काळा खेळाडू, असं सगळे म्हणत. तेही खोटंच. क्लबच्या जिन्यात १८९६ सालच्या टीमचा फोटो आहे. मागच्या रांगेत एक काळा माणूस हाताची घडी घालून उभा आहे. फोटोत माणसं अकरा आहेत आणि खाली नावं दहा. 'हा खेळ आपल्या लोकांचा' असं ऐकवणारा क्लिफ तीस वर्षं त्या जिन्यावरून चढउतार करत होता.

नॉरीन बावीस वर्षं टीमचे शर्ट घरी धुवत होती. लॅसेल्सच्या अकरा नंबरच्या शर्टावर थुंकी असे; पाठीवर, बाहीवर, कधी कॉलरच्या आतसुद्धा. तो डावीकडून खेळे, आणि आमच्या मैदानावर डावा कठडा पाहुण्या टीमच्या लोकांचा नाही, आपल्याच लोकांचा. हे तिला चांगलं कळत होतं. ती शर्ट सोड्यात भिजवी, चोळी आणि सोमवारी इस्त्री करून पाठवून देई. धुतलं की संपलं, अशी स्वतःची समजूत घाली. मला तिची चीड येते ती इथे, आणि तिच्याबरोबर आम्हा सगळ्यांचीच.

एकदा लॅसेल्स तिच्या दारात आला. आईने केलेला आल्याचा केक रुमालात बांधून आणला होता. विशीतला पोरगा, नजर पायरीवर.

"मिसेस हॅलम, माझा शर्ट जरा जास्तच घाण असतो. माफ करा."

"चिखलच तर असतो, बाळा," ती म्हणाली. तो चिखल नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. केक तिने रुमालासकट तसाच फडताळात ठेवून दिला.

मार्चमधल्या त्या शनिवारी लॅसेल्सने दोन गोल केले. शेवटची काही मिनिटं उरली असताना तो कॉर्नर घ्यायला डाव्या कठड्याजवळ गेला. कठड्यावरून त्याच्यावर माकडाचे आवाज काढणं नेहमीचंच होतं. चेंडू ठेवायला तो वाकला आणि पबमध्ये फळ्यावर नेम धरून फेकतात तसला एक छोटा पितळी बाण त्याच्या मानेखाली रुतला. तो गुडघ्यांवर बसला. तेवढ्यात चार-पाच जण कठडा ओलांडून आत उतरले. त्यांनी त्याच्या बरगड्यांत लाथा घातल्या, तोंडावर घातल्या. एकाने त्याचा डावा पाय ओढून धरला आणि दुसऱ्याने गुडघ्यावर दोन्ही पायांनी उडी मारली. धावत येणाऱ्या गोलकीपरला हाड मोडल्याचा आवाज ऐकू आला. कठड्यावर लोक गात होते. त्याला स्ट्रेचरवरून नेल्यावर उरलेली चार मिनिटं खेळवून घेण्यात आली.

साडेपाचला शर्टांची वेताची पेटी नॉरीनच्या स्वयंपाकघरात आली. मैदानावर काय झालं ते तिने रेडिओवर ऐकलं होतं. रक्ताने कडक झालेला अकरा नंबर तिने उचलला आणि बोटात काहीतरी टोचलं. ट्रेनरने घाईघाईत शर्टाबरोबर बाणही गुंडाळून टाकला होता. बाणाची पिसं हिरवी होती. क्लिफच्या पन्नाशीला तिनेच तीन बाणांचा संच निवडून आणला होता. तिने खण उघडला, डबी काढली. डबीत दोनच बाण होते.

क्लिफ आला आणि तिने विचारायच्या आधीच म्हणाला, "शून्य-शून्य."

तिने बाण टेबलावर ठेवला.  तो म्हणाला की सगळ्यांनीच काही ना काही फेकलं होतं, त्याचा लागला एवढंच.

"त्या पोराचा गुडघा गेला, क्लिफ."

"उड्या काही मी मारल्या नाहीत. तू शर्ट टाक पाण्यात."

"नाही टाकणार."

लग्नाला एकतीस वर्षं झाली होती, आणि 'नाही' हा शब्द तिने त्याला पहिल्यांदाच ऐकवला. त्याने तिच्या कानशिलात मारली. ती कपडे पिळायच्या चरकावर आदळली, भुवई फुटली. शर्ट हिसकावून तो टबात बुडवायला लागला. एक बाही भिजली. नॉरीनने त्याचा हात धरला आणि मनगटात दात रोवले. तो ओरडला, त्याने तिचं डोकं चरकाच्या लोखंडावर दोनदा आपटलं, पण रक्ताची चव लागेपर्यंत तिने सोडलं नाही. त्याची पकड सुटली तशी ती शर्ट कोटाखाली आणि बाण मुठीत घेऊन दाराबाहेर पडली. शेजारच्या बायका पडदे सारून बघत होत्या. एकही बाहेर आली नाही.

चौकीतला हवालदार रीव्हही दर शनिवारी त्याच कठड्यावर असायचा. तिचा चेहरा पाहून त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं. मग हळू आवाजात समजावलं की घरची गोष्ट घरातच राहिलेली बरी, क्लिफ मनाने वाईट नाही, सोमवारपर्यंत सगळं निवळेल. शर्ट धुऊन टाका, असंही म्हणाला.

"बावीस वर्षं धुतेय," नॉरीन म्हणाली. "हा नाही धुणार."

तिने शर्ट त्याच्या टेबलावर पसरला, नंबर वर येईल असा. त्यावर बाण ठेवला. रीव्हने हिरवी पिसं ओळखली. पबमध्ये क्लिफच्या त्या बाणांपुढे तो स्वतः कित्येकदा हरला होता. पाठीमागे दोन तरुण शिपाई काम थांबवून बघत होते. रीव्हचा नाइलाज झाला. त्याने वही ओढली, पेनाचं टोपण काढलं आणि मान वर न करता विचारलं, "बोला. काय झालं?"

"दोन-शून्य," नॉरीन म्हणाली. "दोन्ही गोल लॅसेल्स पिनॉकचे. पहिली ओळ ही लिहा. मग बाण कोणाचा ते सांगते."