भाग्यलक्ष्मीअक्कांची अंगाई

बंगळुरूच्या सर्जापूर रोडवरून हेब्बाळपर्यंत ट्रॅफिकमध्ये जीव मेटाकुटीला आणून अभिजीत पोचला, तो फक्त एका सहीसाठी. बाळांना झोपवणारं त्याचं अ‍ॅप एक मोठी कंपनी विकत घेणार होती. सगळं ठरलं होतं, आणि ऐन वेळी वकीलबाईंनी विचारलं, "अ‍ॅपमधल्या त्या अंगाईची चाल कोणाची? त्यांनी लिहून दिलंय ना?"

लिहून कोण घेतं! त्याची मुलगी ईरा तान्ही असताना रडून घर डोक्यावर घ्यायची. तेव्हा समोरच्या फ्लॅटमधल्या भाग्यलक्ष्मीअक्का यायच्या, तिला मांडीवर घ्यायच्या आणि स्वतःच रचलेली अंगाई गुणगुणायच्या. पोरगी गप्प. अभिजीतने ती फोनवर रेकॉर्ड केली, अक्कांना विचारून अ‍ॅपमध्ये घातली, दिवाळीला त्यांना इरकल साडी दिली आणि विषय मिटवला. आपल्या माणसांत कसला कागद, म्हणणाऱ्या शहाण्यांपैकी तोही एक.

आता अक्का हेब्बाळला मुलाकडे, कृष्णातकडे राहत होत्या. अभिजीतने कागद पुढे केला. "अक्का, इथे सही केलीत की चाल माझ्या कंपनीची होईल. मग मला ती पुढे देता येईल."

"होईल म्हणजे? आता कुणाची हाय?"

"तुमचीच. तुम्ही रचलीत आणि कुणाला लिहून दिली नाहीत."

"माझी? कायद्यानं?"

"हो. तुम्ही आहात तोवर, आणि तुमच्यानंतरही साठ वर्षं."

अक्का बघतच राहिल्या. निपाणीचं घर वडलांचं, नंतरचं नवऱ्याचं, हे मुलाचं. दागिने सुनेच्या अंगावर. आणि भात शिजेपर्यंत सुचलेल्या चार सुरांवर म्हणे देशाचा कायदा पहारा देतोय! त्यांच्या हातावर काटा आलेला अभिजीतला स्पष्ट दिसला. त्यालाही भरून आलं. धंद्यात त्याने करार काही कमी केले नव्हते, पण श्वासातून निघालेल्या, हाताला न लागणाऱ्या गोष्टीला असा मालक असतो, हे त्याला आजच खरं वाटलं. केवढी मोठी गोष्ट ही, आणि आपण ती एका साडीत उरकली!

कृष्णातने लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हटलं, "आई, तुला काय कळतंय त्यातलं? सही कर आणि मोकळी हो."

अक्कांनी पेन हातात घेतलं. "स्वल्प थांब. अभिजीत, सही केली की ती माझी राहणार नाही?"

खोटं बोलणं सोपं होतं, पण जीभ वळेना. "नाही राहणार."

"मग वापर रे बाबा, पायजे तेवढी वापर. देणार मात्र नाही."

अभिजीतने तिथूनच वकीलबाईंना फोन लावला. चाल अक्कांचीच ठेवून नुसती वापरायची परवानगी लिहून घेता येईल का? येईल, त्या म्हणाल्या, पण अ‍ॅप विकत घेणारे कदाचित मागे फिरतील. त्याने अक्कांकडे पाहिलं. त्या ताठ बसल्या होत्या.

"परवानगीचाच कागद करा," तो म्हणाला. "फिरले तर फिरले."

अक्कांनी कागद परत केला आणि मुलाकडे वळल्या.

"कृष्णात, मी गेल्यावर साठ वर्षं ती कुणाकडं जायची, ते मी ठरवणार हाय. तवा जरा नीट बोलत जा."

कृष्णातने लॅपटॉप मिटला.