माठावरचा पुठ्ठा

मित्रांनो, तुम्ही ज्यांच्यावर कागद अडकवून पेपर लिहिता ना, त्यांच्यातलाच मी एक. आता वय झालं माझं. एक कोपरा पाण्यानं फुगलाय, चिमट्याला गंज चढलाय आणि मधोमध माठाच्या तोंडाचा गोल डाग पडलाय. लोक मला पॅड म्हणतात. पण आमच्या घरात पॅड म्हटलं की कूलरचं, कारण घरधनी आनंदराव उन्हाळाभर नागपुरातले कूलर दुरुस्त करत फिरतात. म्हणून माझं नाव पडलं पुठ्ठा. नाव साधं असलं तरी मी साधासुधा नव्हतो, हे आधीच सांगून ठेवतो.

लाकडाचा भुसा दाबून मला बनवलं, घासून गुळगुळीत केलं, डोक्यावर चिमटा ठोकला आणि बर्डीच्या बाजारातल्या एका दुकानात टांगलं. तिथं मेघानं मला निवडलं. मेघा म्हणजे आनंदराव आणि कांताबाईंची एकुलती एक लेक, तेव्हा दहावीत होती. प्रताप नगरच्या मागच्या वस्तीत त्यांच्या दोन खोल्या. दहावीच्या वर्षी माझा थाट विचारू नका. कुणाचा पाय लागला तर कांताबाई त्याला नमस्कार करायला लावायच्या. पहिल्या पेपरच्या सकाळी त्यांनी मला बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोपुढे ठेवलं, मेणबत्ती लावली आणि मगच मेघाच्या हाती दिलं. पोरगी चांगल्या मार्कांनी पास झाली. वस्तीत पेढे वाटले, तेही माझ्यावरच मांडून.

कांताबाई धंतोलीतल्या एका दवाखान्यात आया आहेत. पेशंटची चिठ्ठी घ्यायची, औषधाच्या खिडकीशी जायचं आणि उभं राहायचं, हे त्यांचं दिवसभराचं काम. खिडकीच्या आत पांढऱ्या कोटातली एक मुलगी असते. ती चिठ्ठी वाचते, औषध काढते, कसं घ्यायचं ते समजावून सांगते आणि लोक तिचं मुकाट्यानं ऐकतात. आपली मेघा त्या खिडकीच्या आत पाहिजे, एवढंच कांताबाईंनी मनात धरलं होतं. त्यासाठी डी. फार्म. करायचं, तेही सरकारी कॉलेजात, कारण खाजगी कॉलेजची फी या घराला झेपणारी नव्हती. सरकारी जागा मिळते बारावीच्या मार्कांवर. तेव्हा सगळा खेळ बारावीचा, असं सगळेच धरून चालले.

इथंच घात झाला, मित्रांनो. दहावी मोठी, बारावी मोठी आणि मधली बिचारी अकरावी कुणाचीच नाही. मेघाचं नाव एका कॉलेजात होतं आणि बसणं महादेव सरांच्या क्लासात. सर अकरावीतच बारावीचा अभ्यास सुरू करत. त्यांचं एक वाक्य होतं, "अकरावीले कोण विचारते?" ते आधी मेघाच्या तोंडी आलं, मग आनंदरावांच्या, आणि बघता बघता घरी चहाला येणारा पाहुणाही तेच म्हणू लागला. मग मला तरी कोण विचारणार? गरज सरो, वैद्य मरो. एक दिवस माठावरची झाकणी फुटली आणि कांताबाईंनी मला उचलून माठावर ठेवलं. ज्या हातांनी मेणबत्ती लावली होती, त्याच हातांनी.

दिवाळीच्या सुमाराला अकरावीची पहिल्या सत्राची परीक्षा आली. नेमक्या त्याच दिवसांत सरांनी क्लासात बारावीच्या धड्यांवर चाचण्या लावल्या. कॉलेजात पासिंगपुरतं लिहायचं, तासाभरात पेपर द्यायचा आणि क्लासात यायचं, असं सरांनी सगळ्यांना बजावलं. मेघाला ते पटलं नव्हतं. मी माठावरून ऐकलंय, तिनं बापाला विचारलं होतं.

"बाबा, पेपर मले येऊन राहिले ना. पूर्ण लिहू का?"

आनंदराव कूलरची मोटर खोलून बसले होते. मान वर न करता ते म्हणाले, "सर शिकलेले हायत, पोरी. ते म्हणतात तसं कर. अकरावीले कोण विचारते?"

आणि आमची मेघा पडली आज्ञाधारक. एखादी अवखळ पोरगी असती तर सरांचं ऐकलं नसतं आणि वाचली असती. ही प्रत्येक विषयात मोजूनमापून पासिंगपुरतं लिहून आली. एकाही पेपरला तिनं मला नेलं नाही. पासिंगपुरतं लिहायला पुठ्ठा कशाला लागतो?

पुढं कोरोना आला, सगळं बंद झालं. अकरावीची दुसरी परीक्षा झालीच नाही. पहिल्या सत्राचे मार्क धरून सगळ्यांना बारावीत ढकललं. घरात सगळे खूश. आनंदराव म्हणाले, चला, फुकटात सुटली पोरगी. मला तेव्हाच राग आला होता, पण माठाच्या झाकणाचं कोण ऐकतो?

बारावीचं वर्ष मात्र माझं होतं. कॉलेज बंद, क्लास मोबाईलवर. मेघानं मला माठावरून काढलं, पुसलं, मांडीवर घेतलं. त्या खोलीत बसून तिनं माझ्यावर इतके सराव पेपर लिहिले की माझा चिमटा सैल झाला. कांताबाई दवाखान्यातून यायच्या, दारातच हातपाय धुवायच्या आणि लांबूनच लेकीकडे बघत बसायच्या. कमी झोपून पोरीचे डोळे खोल गेले होते. आई काळजी करू लागली की ती म्हणायची, "बोर्डात दाखवतो ना मी सगळ्याइले."

बोर्ड आलंच नाही. तारीख पुढं गेली, आणखी पुढं गेली आणि शेवटी परीक्षाच रद्द झाली. त्या संध्याकाळी मी पुन्हा माठावर गेलो. महिनाभरानं निकालाचा हिशेब कसा लावणार ते जाहीर झालं. दहावीचे तीस टक्के, अकरावीचे तीस टक्के, बारावीचे चाळीस टक्के. मेघानं मोबाईलवर ते वाचलं. पाणी प्यायला उठली, मला उचललं आणि मला हातात धरून तशीच उभी राहिली. पाणी काही घेतलं नाही.

"आई," ती म्हणाली, "विचारलं ना अकरावीले."

त्या वर्षी कॉलेजांनी सढळ हातानं दिल्यानं बाकीच्यांचे मार्क टम्म फुगले होते. मेघाचे अकरावीचे पासिंगपुरते मार्क तिच्या दहावी-बारावीलाही खाली घेऊन आले. पास झाली, बरे म्हणावे असे मार्कही मिळाले, पण सरकारी जागेच्या यादीत नाव लागलं नाही. पुन्हा परीक्षा देऊन मार्क वाढवायची सोय होती. पण टाळेबंदीत कूलरचा धंदा दोन उन्हाळे बसला होता, घरात दुसरी कमाई हवी होती. मेघा धंतोलीत एका मेडिकलवर कामाला लागली.

कांताबाई एकदा महादेव सरांना विचारायला गेल्या होत्या. आल्यावर त्यांनीच सांगितलं. सर म्हणाले, "रूल मी बनवला का, बाई?" बस, एवढंच. पुढच्या वर्षी सरांनी मनीषनगरात मोठा क्लास काढला. त्याचं पत्रक आमच्या दारातही पडलं. त्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं, अकरावीचे मार्कही महत्त्वाचे, आजच प्रवेश घ्या. आनंदरावांनी ते पत्रक वाचलं आणि कूलरखाली टेकण म्हणून घालून टाकलं. ते तेव्हापासून घरात जपूनच बोलतात.

मेघा आज खिडकीच्या आतच असते, मित्रांनो. चिठ्ठी वाचते, औषध काढते, गोळी जेवणाआधी की नंतर ते सांगते. फक्त भिंतीवर जे सर्टिफिकेट टांगलंय, त्यावर नाव दुसऱ्याचं आहे. कांताबाई त्या रस्त्यानं रोज जातात, पण मेडिकलकडे बघत नाहीत. माझा जीव तुटतो. मी बारावीच्या बोर्डाच्या पेपरला गेलो असतो, तिथं मेघानं काय लिहिलं असतं ते मला पाठ आहे.

परवा मेघानं मला माठावरून काढलं. घासून पुसलं, चिमट्याला तेल लावलं आणि शेजारच्या अंजूला दिलं. अंजू आता अकरावीत आहे आणि सोमवारपासून तिची परीक्षा आहे.

"पासिंगपुरतं लिहू नको वं," मेघा तिला म्हणाली.

अंजू हसली. "ताई, ते कोरोनात झालं. आता अकरावीले कोण विचारते?"

मी अंजूच्या काखेत बसून तिच्या घरी गेलो. मला वाटलं होतं, माझा नवा जन्म झाला.

मित्रांनो, कुठल्याच वर्षाला फुकटचं वर्ष म्हणू नका, आणि मोठी माणसं म्हणाली तरी म्हणू नका. चुकीची किंमत त्यांना द्यावी लागत नाही. जे येतं ते पूर्ण लिहा. आणि तुमच्यापैकी कुणी अंजूच्या घराकडून गेलात तर तिच्या आईला माझा एक निरोप द्या. म्हणावं, माठावर माझ्याऐवजी ताटली ठेवा. सोमवारी पोरीला पुठ्ठा लागणार आहे.