हाडं जोडणारी पेटी आणि घरचा रोल

बत्तीस वर्षं अतिदक्षता विभागात नर्स होते मी. निवृत्त झाले आणि बुडापेस्टबाहेरच्या स्टुडिओत सल्लागार म्हणून लागले. उडणाऱ्या महावीराचा, म्हणजे सुपरहिरोचा, परदेशी सिनेमा. त्यातला दवाखाना खरा वाटतो की नाही, ते मी बघायचं. जुन्या वॉर्डातली नर्स गिझेल्ला कॉफी पिता पिता म्हणाली, "एतेल्का, पडद्यावर तुझं नाव येणार. खोटं काही दिसलं, तर या टेबलाशी परत बसायचं नाही हं!" थट्टेत म्हणाली, पण मला झोंबलं. त्या टेबलाशिवाय मला दुसरं आहे कोण?

सेटवर बघते तर काय, काचेची पेटी! मोडलेली बरगडी तीन सेकंदांत जोडते म्हणे. जोडू दे मेली! पण डॉक्टरीणबाईंचे केस मोकळे, हातात मोजे नाहीत, आणि सलाइनची पिशवी पेशंटच्या खाली!

"अहो झोंबोर, रक्त उलटं येईल ना पिशवीत!" मी सहायक दिग्दर्शकाला म्हटलं.

"एतेल्काताई, निळा उजेड खालून येतो. तिथे पिशवी छान दिसते."

"छान दिसत दिसत मरेल तो!"

नऊ चुका काढल्या. एक सुधारतील तर शपथ.

शेवटच्या दिवशी माझं डोकं सणकलं. घरून कॉफीचा मग, चमचा आणि टॉयलेट पेपरचा रोल नेला आणि गुपचूप पेटीच्या उशाशी मांडला. आमच्या हंगेरीत दवाखाना यातलं काही देत नाही, याच्याशिवाय तिथे जातं कोण? माझ्या नवऱ्याचं अपेंडिक्स फुटलं, तेव्हा सासूबाई रोल घेऊन अँब्युलन्समागे धावल्या होत्या.

सिनेमाला अख्खा वॉर्ड आला. सलाइन दिसली, वॉर्ड खिदळला. मोकळे केस दिसले आणि गिझेल्लाने माझ्याकडे असं पाहिलं, की मी खुर्चीत रुतले. मग पेटी उघडली, महावीर उठून बसला, आणि त्याच्या उशाशी, पडदाभर, माझा रोल! सगळं थिएटर हसून लोळलं.

गिझेल्ला डोळे पुसत म्हणाली, "अगं बाई! बाकी सगळं थोतांड, पण दवाखाना आपलाच गं!"

दुसऱ्या दिवशी मी त्याच टेबलाशी कॉफी पीत होते, तर झोंबोरचा फोन. "ताई, परदेशात लोक भांडतायत, ते पांढरं नळकांडं कसलं यंत्र आहे म्हणून. दिग्दर्शकसाहेब विचारतायत, काय सांगू?"

मी तोंड उघडायच्या आत गिझेल्लाने फोन हिसकावला. "सांगा त्यांना, पेटी दवाखाना देतो. ते यंत्र पेशंटने घरून आणायचं असतं!"