वाल्देमार यांच्या मोकळ्या वेळा

तो शनिवार अगदी साधा होता. वाल्देमार बिदेगाईन दुपारचे जेवून ऑफिसात आले. कोट खुर्चीच्या पाठीवर टाकला, वाळवून पोकळ केलेल्या छोट्या भोपळ्यात येर्बाचा, म्हणजे इकडच्या चहाचा, पाला भरला, थर्मासमधले गरम पाणी ओतले, नळीने एक घोट घेतला आणि मग मला उघडले. घोट आधी, मी नंतर. हा क्रम त्यांनी कधी बदलला नाही.

"उद्या कुणी आहे का गं?" त्यांनी बेबाला विचारले. बेबा ऑफिसात फोन घ्यायची, घरांच्या किल्ल्या सांभाळायची आणि वाल्देमार यांना टोमणा मारायची संधी सहसा सोडायची नाही.

"मला काय विचारता? तुमच्या लेकीने ती खिडकी बसवून दिलीय ना, तिला विचारा."

"खिडकी नुसतं नाव सांगते. माणूस कसा असेल ते तू सांगतेस."

"नावावरून? मग ज्योतिषाचा पगार वेगळा द्या."

उद्या कुणी नव्हते. पुढच्या रविवारी मात्र एक तरुण जोडपे नेलिदाबाईंचे घर बघायला येणार होते. वाल्देमार यांनी ती भेट पक्की केली. "बाजाराच्या दिवशीच येतायत. बरं झालं," ते म्हणाले. संध्याकाळी कोट चढवून ते घरी गेले. मला त्यांनी नेहमीसारखी उघडीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते झोपेतून उठले नाहीत.

मित्रांनो, मी एक जुनी खिडकी आहे. पण लाकडाची नाही आणि काचेचीही नाही. तिकिटाची खिडकी असते ना, तशी. मोंतेविदेओ शहरातल्या एका छोट्या घरदलालाच्या वेबसाइटवर मी राहते. विकायच्या प्रत्येक घराच्या फोटोखाली एक निळे बटण असते: 'घर बघायला कधी याल?' ते दाबले की मी उघडते. घर दाखवणाऱ्या माणसाचे मोकळे दिवस आणि मोकळ्या वेळा मांडून ठेवते. तुम्ही एक वेळ निवडायची, आपले नाव लिहायचे, की ती वेळ तुमची. मग मी त्या माणसाला कळवते, आणि आदल्या दिवशी तुम्हाला आठवण करून देते. माझे काम एवढेच.

मला घडवले रोझिनाने. ती वाल्देमार यांची एकुलती एक मुलगी. एका मोठ्या कंपनीत ती संगणकाचे काम करायची. वडील भेटीच्या वेळा तळहातावर लिहून ठेवत, आणि हात धुतले की भेट वाहून जाई. हे पाहून ती वैतागली आणि सुट्टीच्या दिवसांत बसून तिने मला त्यांच्या वेबसाइटला जोडले. त्यांच्या फोनमधल्या कॅलेंडरशीही माझी गाठ घातली. एकीकडे लिहिलेले दुसरीकडे आपोआप दिसावे, अशी तिची योजना होती.

योजना चांगली होती. पण वाल्देमार रस्त्यात भेटलेल्या माणसालाही वेळ देत, आणि ती मला सांगायचे विसरत. पहिल्याच आठवड्यात दोन कुटुंबे एकाच दारात, एकाच वेळी उभी राहिली. एका कुटुंबाला मी वेळ दिली होती, दुसऱ्याला वाल्देमार यांनी मटणाच्या दुकानात. रोझिना लाजेने लाल झाली. वाल्देमार यांनी मात्र दोघांनाही ओसरीत बसवले आणि तोच भोपळा सगळ्यांत फिरवला. नळी फिरत राहिली, गप्पा रंगल्या, आणि घर बघायचे जवळजवळ राहूनच गेले.

"पापा, मी प्रत्येक भेटीला अर्धा तास ठेवलाय. अर्धा तास," रोझिना नंतर म्हणाली.

"अर्ध्या तासात तर थर्मासमधलं पाणीसुद्धा संपत नाही गं."

त्या दिवसापासून मी दोन भेटींमध्ये ऐसपैस जागा सोडू लागले. रोझिनाने तसे लिहून दिले. लिहिताना ती पुटपुटत होती, पण दिले.

खरा वाद झाला तो पुढे, आठवडी बाजारावरून. आमच्या शहरात प्रत्येक वस्तीचा एक वार ठरलेला असतो. त्या दिवशी रस्ता गाड्यांना बंद होतो आणि दुतर्फा भाजी, मासे, चीज, रोपे, जुने खिळे-स्क्रू अशी दुकाने लागतात. त्या रस्त्यावरच्या घरांना त्या दिवशी दार उघडणेही जड जाते. रोझिनाने शहाण्या माणसासारखा विचार केला आणि बाजाराच्या रस्त्यावरच्या घरांसाठी बाजाराचा वार माझ्यात बंद करून टाकला.

वाल्देमार यांनी ते पाहिले आणि नळी तोंडातून काढली. "हे उलटं झालं. तो वार उघड, बाकीचे बंद कर."

"बाकीचे? अहो पापा, घर विकायचंय की नाही?"

"विकायचंय. एकदाच विकायचंय. जे घर घेतील त्यांना वर्षभरात रडत माझ्याकडे यायला नको."

घराची सगळ्यात वाईट वेळ आधी दाखवायची, ही त्यांची रीत होती. शाळेसमोरचे घर ते शाळा सुटताना दाखवत. पश्चिमेच्या खोल्या भर उन्हाळ्यात, दुपारी. तेवढे बघूनही जो म्हणेल 'आवडले', त्यालाच ते कागदपत्रांचे बोलत. शेजारच्या दलालांना हे वेड वाटे. रोझिनालाही वाटे. पण तिने प्रत्येक घरासाठी माझ्यात वेगळा कप्पा केला, आणि वाल्देमार यांनी एकेका घराची वाईट वेळ स्वतः त्यात भरली. मित्रांनो, या शहरात माझ्यासारख्या खिडक्या पुष्कळ आहेत. पण असा कप्पा मी तरी दुसरीत पाहिलेला नाही. बेबा सुद्धा एकदा म्हणाली होती, "पोरीने यंत्र बनवलं, आणि बापाने त्याला स्वतःची खोड लावली." ते माझे सगळ्यात मोठे कौतुक होते असे मी समजते.

अशी कितीतरी वर्षे गेली. आणि मग तो रविवार उजाडला.

अंत्यविधी झाला. रोझिनाने नोकरीतून रजा घेतली आणि ऑफिसात येऊन वडिलांच्या खुर्चीवर नाही, तर शेजारच्या स्टुलावर बसू लागली. ऑफिस चालवायचे की बंद करायचे हे तिने ठरवले नव्हते. पण एक घर असे होते की ते थांबू शकत नव्हते. नेलिदाबाईंचे. त्या एकट्या होत्या, गुडघे गेले होते, आणि दूरच्या पायसांदू गावी मुलाने त्यांच्यासाठी खोली तयार ठेवली होती. हिवाळ्यापूर्वी घर विकले जाणे भाग होते.

माझ्यापुढे वेगळाच पेच होता. मला कुणी काही सांगितलेच नव्हते. माणूस गेल्याचे फुलांना कळत असेल, कुत्र्याला कळत असेल. मला सांगावे लागते. वाल्देमार यांच्या भेटी थांबल्या, म्हणजे त्यांच्या वेळा मोकळ्या झाल्या, एवढेच मला दिसत होते. म्हणून मी त्या लोकांना देत राहिले. सकाळच्या दिल्या, संध्याकाळच्या दिल्या. इतक्या मोकळ्या वेळा त्यांच्याकडे पूर्वी कधीच नव्हत्या.

भेट ठरली की रोझिना ती रद्द करी, आणि मी तिनेच पूर्वी शिकवलेले वाक्य पाठवी: 'वाल्देमार बिदेगाईन त्या वेळी उपलब्ध नाहीत. कृपया दुसरी वेळ निवडा.' लोक बिचारे दुसरी वेळ निवडत. मी ती देई. ती पुन्हा रद्द करी.

"अगं, त्यांचं नाव काढून टाक ना तिथून," बेबा एकदा हळूच म्हणाली.

"काढते," रोझिना म्हणाली.

ती माझ्या आतल्या पानावर गेली. तिथे त्यांच्या नावापुढे एक बटण आहे. ते तिने दाबले. अशा वेळी मी विचारते, 'नक्की?' हा प्रश्नही तिनेच लिहिला होता, चुकून कुणाचे नाव पुसले जाऊ नये म्हणून. ती त्या प्रश्नाकडे बघत बसली. मग तिने पान मिटले आणि उठून कपाटातल्या किल्ल्या उगाच मोजू लागली. बेबाने पुन्हा तो विषय काढला नाही.

आता मागे वळून पाहते तेव्हा लक्षात येते की रोझिना वडील गेल्याचे कुणालाच सांगत नव्हती. फोनवर कुणी विचारले तर ती फोन बेबाकडे देई. दारात कुणी विचारले तर म्हणे, "आज नाहीत." माझे ते कोरडे वाक्य तिला फार उपयोगी पडत होते.

ते तरुण जोडपे म्हणजे यामिला आणि ब्रूनो. त्यांची रविवारची भेट रोझिनाने बुधवार दुपारवर नेली. नेलिदाबाईंच्या घराच्या कप्प्यात बाजाराचा रविवार तेवढा उघडा होता, बुधवार बंद. तिने तो स्वतःच्या हाताने उघडला आणि मला टॅब्लेटमध्ये घेऊन घर दाखवायला गेली. गल्ली सामसूम होती. झाडाखाली एक मांजर झोपले होते. यामिला घरभर फिरली आणि रस्त्याकडच्या खोलीत येऊन थांबली.

"मी नर्स आहे, रात्रपाळी असते," ती म्हणाली. "सकाळी घरी येऊन झोपते. आत्ता राहतो तिथे खाली गॅरेज आहे. इथे किती शांत आहे ना, ब्रूनो?"

"इथे झोपलीस तर तुला उठवायला मलाच बँड लावायला लागेल," ब्रूनो म्हणाला.

दोघे हसले. रोझिना हसली नाही. तिने बाजाराचे काही सांगितलेही नाही. जाताना ब्रूनो म्हणाला, "आम्हाला पसंत आहे. उद्या येऊ का बोलायला?"

ते गेल्यावर नेलिदाबाई भिंतीला धरत स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "काय म्हणतात पोरं?"

"पसंत आहे म्हणाले."

"रविवारी पण येऊन गेलेत ना?"

रोझिनाने मान हलवली. नाही.

नेलिदाबाई सावकाश खुर्चीत बसल्या. "मला जायची घाई आहे गं बाई. माझे गुडघे तुला माहीत आहेत. पण ती पोरगी सकाळी झोपणार म्हणे. भिंती पातळ आहेत, ऐकलं मी." मग गुडघा चोळत म्हणाल्या, "तुझे पापा असते तर त्यांनी तिला रविवारी मासेवाल्याच्या शेजारी उभं केलं असतं."

"हो," रोझिना म्हणाली.

ऑफिसात परत येऊन तिने मला उघडले. बुधवारचा दिवस पुन्हा बंद केला. यामिलाच्या नावापुढे रविवारची सकाळ लिहिली. 'कोण भेटणार' या रकान्यात मी सवयीने वाल्देमार यांचे नाव घातले, आणि तिने ते तसेच राहू दिले.

पुढचे सांगण्याआधी एक सांगते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला लागणार नाही. यामिला आणि ब्रूनोने ते घर घेतले नाही. रोझिनाने त्यांना दुसरे शोधून दिले, एका आडबाजूच्या गल्लीत. नेलिदाबाईंचे घर एका मोठ्या, गोंगाट करणाऱ्या कुटुंबाने घेतले. त्यांना बाजार दारात हवाच होता. नेलिदाबाई थंडी पडायच्या आत पायसांदूला पोहोचल्या. आणि रोझिनाने ऑफिस बंद केले नाही.

आणि मित्रांनो, माझी तुमच्याकडे एक विनंती आहे. लाकडी खिडकीवर धूळ बसते, ती तुम्ही पुसता. माझ्यासारखीवर धूळ बसत नाही. माझ्यावर बसते ती जुनी माहिती. ती कुणाला दिसत नाही आणि कुणी पुसत नाही. आमच्यावर रागावू नका. गेलेल्या माणसाच्या वेळा आम्ही लोकांना वाटत राहतो, कारण आम्हाला खरे कुणी सांगितलेले नसते. आम्हाला सांगा. हाताने जमत नसेल तर आधी तोंडाने कुणाला तरी सांगा. मग हात चालतो. हे मी पाहिलेले आहे.

त्या रविवारी सकाळपासून रस्ता भरून गेला होता. भाजीवाल्याने ताडपत्रीची दोरी नेहमीप्रमाणे नेलिदाबाईंच्या दाराशेजारच्या गजाला बांधली होती. मासेवाला उंबऱ्याला खेटून उभा होता आणि भाव ओरडत होता. त्याच्यापलीकडे कुणी रेडिओवर फुटबॉलच्या गप्पा लावल्या होत्या. यामिला रात्रपाळी करून तशीच आली होती. रस्त्याकडच्या खोलीत ती उभी राहिली. डोळे लाल होते. बाहेरचा प्रत्येक शब्द खोलीत येत होता.

"दर रविवारी असंच?" तिने विचारले.

"दर रविवारी," रोझिना म्हणाली. "दुपारपर्यंत. वास संध्याकाळपर्यंत."

"मग बुधवारी का बोलावलंत आम्हाला?" यामिला रागावली नव्हती, दमली होती. "आम्ही पहिल्यांदा वेळ घेतली तेव्हा रविवारच मिळाला होता. तुम्ही बदललात. आणि प्रत्येक वेळी वाल्देमार बिदेगाईन भेटतील असं येतं, आणि ते कधीच नसतात. आजही त्यांचंच नाव आलंय. कुठे आहेत ते?"

रोझिनाने मला छातीशी धरले होते. माझ्यात ते वाक्य तयार होते. बोट लावले असते तर मी ते दाखवले असते. तिने बोट लावले नाही. तिने काहीतरी म्हटले, पण इतके हळू, की बाहेरच्या आरोळीत ते बुडून गेले.

"काय?" यामिला म्हणाली. "ऐकू आलं नाही."

मासेवाला पुन्हा ओरडला. रोझिनाने श्वास घेतला आणि त्याच्याहून वरच्या पट्टीत, बाजारात बोलावे लागते तसे, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असे म्हणाली:

"ते माझे वडील. ते वारले. त्यांनी तुम्हाला रविवारीच बोलावलं होतं."